२६ इनिंग आणि स्कोअर १-१: १ मे १९२० च्या बॉस्टन-ब्रुकलिन मॅचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकी कुठली मॅच ही?

१ मे १९२०, शनिवार. बॉस्टनचं ब्रेव्हज फील्ड. नॅशनल लीगची सीझन सुरू होऊन थोडेच दिवस झालेले, बॉस्टन ब्रेव्हज विरुद्ध ब्रुकलिन रॉबिन्स, ना फायनल ना काही, रोजच्यातली एक मॅच. हवा थंड आणि पावसाची पिरपिर, त्यामुळे पब्लिक पण जेमतेम चारेक हजार. दुपारी तीनला सुरू झाली आणि सातला दहा कमी असताना अंधार पडला म्हणून अम्पायरने थांबवली, तेव्हा २६ इनिंग झाल्या होत्या आणि स्कोअर १-१. साधी मॅच ९ इनिंगची असते, म्हणजे जवळपास तीन मॅच सलग आणि निकाल काहीच नाही! आणि खरी कमाल पुढेच आहे, दोन्ही टीमचा पिचर पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत एकच. ब्रुकलिनकडून लिऑन कॅडोर, बॉस्टनकडून जो ओशगर.

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, वाचू का?

वाचा की. एवढंच डोक्यात ठेवा: एका इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात, तीन आऊट झाले की बॅटिंग बदलली. बॅटर तीन बेस फिरून परत होम प्लेटला आला की एक रन. ९ इनिंगनंतर बरोबरी असेल तर एक्स्ट्रा इनिंग, कोणीतरी पुढे जाईपर्यंत. पिचर म्हणजे आपला बॉलरच, पण ओव्हर नावाची भानगड नाही, मॅनेजर बदलेपर्यंत तोच टाकतो, आणि एकदा बाहेर काढला की त्या मॅचमध्ये परत येता येत नाही. हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा, कारण दोन्ही मॅनेजर आपल्या पिचरला काढायला का कचरत होते ते त्याशिवाय कळणार नाही.

ते दोन रन झाले कसे?

ब्रुकलिनचा रन पाचव्या इनिंगमध्ये. कॅचर (म्हणजे आपला विकेटकीपर) एर्नी क्रूगरला वॉक मिळाला, म्हणजे चार बॉल बाहेर पडले आणि तो फुकटात फर्स्ट बेसवर. पुढचा बॅटर स्वतः कॅडोर, त्याने मारलेला बॉल सरळ ओशगरकडेच गेला. आरामात डबल प्ले, एका फटक्यात दोन आऊट. पण ओशगरच्या हातात बॉल नीट बसलाच नाही, चाचपडला, एकच आऊट मिळाला आणि क्रूगर सेकंडला पोचला. मग आयव्ही ओल्सनने सिंगल (एक बेस मिळवून देणारा फटका) मारली आणि क्रूगर घरी. तो बॉल हातात बसला असता तर ०-० राहिलं असतं, आणि मग पुढे काय झालं असतं देव जाणे.

बॉस्टनने सहाव्या इनिंगमध्ये फेडलं. वॉल्टन क्रूझने ट्रिपल (एका फटक्यात थर्ड बेस) मारली, मधला होल्क झेल देऊन आऊट, आणि टोनी बोकेलच्या सिंगलवर क्रूझ घरी आला. १-१. त्याच्यामागोमाग रॅबिट मॅरनव्हिलने डबल (एका फटक्यात सेकंड बेस) मारली आणि बोकेल फर्स्टवरून सुटला तो थेट होम प्लेटच्या दिशेने. आऊटफिल्डमधून थ्रो, मध्ये कॅडोरने घेतला, कॅचरकडे फेकला, बोकेल प्लेटवर आऊट! तो सेफ असता तर बॉस्टन २-१ ने पुढे, आणि पुढच्या इनिंगमध्ये ब्रुकलिनने काहीच केलं नाही ते बघता बॉस्टनने नऊ इनिंगमध्येच मॅच खिशात घातली असती. आज या मॅचचं नाव कोणाच्या तोंडी आलं नसतं.

आणि मग पुढे वीस इनिंग नुसती शून्यं?

हो. लाइन स्कोअर, म्हणजे इनिंगनुसार रन, असा दिसतो (हिट म्हणजे ज्या फटक्यावर बॅटर सुखरूप बेसवर पोचतो तो, एरर म्हणजे फील्डरची चूक):

ब्रुकलिन: ००० ०१० ००० ००० ००० ००० ००० ००० ०० — १ रन, ९ हिट, २ एरर
बॉस्टन: ००० ००१ ००० ००० ००० ००० ००० ००० ०० — १ रन, १५ हिट, २ एरर

ओशगरने सहाव्यापासून सव्विसाव्यापर्यंत सलग २१ इनिंग रन दिला नाही, कॅडोरने सातव्यापासून २०. पण शून्य म्हणजे काहीच घडलं नाही असं समजू नका, दोन वेळा तर मॅच संपलीच होती.

पहिल्यांदा नववी इनिंग. बॉस्टनचे तिन्ही बेस भरलेले, एकच आऊट, एक रन म्हणजे मॅच खिशात. चार्ली पिकने बॉल ओल्सनकडे घुमवला, ओल्सनने समोरून पळणाऱ्या रनरला आऊट केलं आणि लगेच फर्स्टला थ्रो, डबल प्ले. बॉस्टनवाल्यांनी डोक्याला हात लावला असणार.

दुसऱ्यांदा सतरावी, आणि ही माझी सगळ्यात आवडती. आता ब्रुकलिनचे तिन्ही बेस भरलेले, एक आऊट. थर्डवर झॅक व्हीट, सेकंडवर एड कोनेची. बॅटर राउडी एलियट, त्याने बॉल ओशगरकडे मारला. ओशगरने लगेच होम प्लेटला दिला, व्हीट आऊट. कॅचर हँक गाउडीने डबल प्लेसाठी फर्स्टला फेकला, तो वॉल्टर होल्कच्या हातातून जरा निसटला आणि एलियट वाचला. तेवढ्यात कोनेची काय करतो, सेकंडवरून थर्डला पोचलेला गडी थांबायच्या ऐवजी थेट घराकडे पळत सुटतो! वीस वर्षं खेळलेला माणूस असता तरी त्याने तेच केलं असतं, कारण बॉल फर्स्टच्या आसपास लडबडत होता. होल्कने बॉल उचलून परत गाउडीकडे फेकला, गाउडी प्लेटवर आडवा झेपावला आणि घसरत येणाऱ्या कोनेचीला बॉल टेकवला. आऊट. इनिंग संपली. हा गाउडी म्हणजे पहिल्या महायुद्धात सैन्यात नाव नोंदवणारा मेजर लीगचा (तिकडच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या बेसबॉलचा) पहिला प्लेयर, त्यामुळे अंगावर येणाऱ्या माणसाची भीती त्याला किती असेल ते समजून घ्या.

त्यानंतर मात्र ब्रुकलिनला एकसुद्धा हिट मिळाली नाही. अठराव्यापासून सव्विसाव्यापर्यंत ९ इनिंग शून्य हिट. नो-हिटर, म्हणजे पूर्ण मॅचमध्ये एकही हिट न देणं, हे पिचरचं आयुष्यभराचं स्वप्न असतं, आणि ओशगरने १७ इनिंग टाकून दमल्यावर तेवढंच काम उरलेल्या ९ इनिंगमध्ये केलं. रेकॉर्डमध्ये ते नो-हिटर म्हणून धरत नाहीत, धरायचं कारणही नाही, पण आकडा बघून हसू येतं.

एका माणसाने २६ इनिंग टाकणं शक्य आहे का? किती बॉल टाकले असतील?

तेव्हा पिच, म्हणजे टाकलेले बॉल, मोजायची पद्धतच नव्हती, त्यामुळे नेमका आकडा कुठेच नोंदलेला नाही, नंतर जे सांगतात ते २५० ते ३०० च्या आसपासचे अंदाज आहेत. आजचा स्टार्टिंग पिचर पाच-सहा इनिंग टाकतो, शंभरच्या जवळ पिच गेले की मॅनेजर डगआउटमधून (टीम बसते तिथून) निघालाच. म्हणजे आजच्या हिशोबाने चार-पाच मॅचचं काम एका दुपारी.

पण एक गोष्ट लोक विसरतात. तेव्हाचा पिचर प्रत्येक बॉल जीव तोडून टाकत नव्हता. स्ट्राइकआऊटच्या, म्हणजे बॅटरला फटका न मारू देता आऊट करण्याच्या, मागे कोणी नव्हतं, दोघांचेही स्ट्राइकआऊट एक आकडीच आहेत, २६ इनिंगमध्ये! बॅटरला मारू द्या, बॉल जमिनीवर पाडू द्या, मागचे सात जण कशाला उभे केलेत, असा तो खेळ. आणि बॅटर पण पहिल्या-दुसऱ्या बॉललाच मारायचा, वाट बघत बसत नव्हता. म्हणून ही मॅच दोन अतिमानवांची होती वगैरे जे लिहिलं जातं ते मला अर्धवट वाटतं. दोघं भारी होतेच, पण आकडे नीट वाचले तर श्रेय त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांना तितकंच जातं.

बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या सगळ्या आकड्यांच्या तक्त्यात) एवढ्या कॉलम असतात, बघायचं काय?

सगळे जण हिट आणि रन बघतात. या मॅचला तुम्ही पुटआऊटची कॉलम बघा. आजकाल ती कॉलम कोणी वाचत नाही, खरं तर छापतही नाहीत, पण १९२० च्या पेपरमध्ये ती प्रत्येक मॅचला असायची.

पुटआऊट म्हणजे प्रत्यक्ष ज्याने आऊट केला त्याच्या नावावर एक. झेल घेतला, पुटआऊट. थ्रो पकडून बेसवर पाय ठेवला, पुटआऊट. स्ट्राइकआऊट झाला तर तो कॅचरच्या नावावर. आणि ज्याने थ्रो केला त्याला असिस्ट. आता २६ इनिंग गुणिले तीन म्हणजे बॉस्टनच्या फील्डर्सनी मिळून ७८ आऊट केले. त्यातले एकट्या वॉल्टर होल्कच्या नावावर ४२! फर्स्ट बेसवरचा एक माणूस, अर्ध्यापेक्षा जास्त आऊट त्याच्या ग्लोव्हमध्ये. एका मॅचमधला फर्स्ट बेसमनचा हा रेकॉर्ड आहे आणि आता तो मोडायची सोयच राहिलेली नाही.

या ४२ चा अर्थ काय? तर ब्रुकलिनचे बॅटर दिवसभर जमिनीवरून मारत होते आणि मॅरनव्हिल, बोकेल, पिक आणि स्वतः ओशगर ते उचलून होल्ककडे फेकत होते, पुन्हा पुन्हा, ओल्या मैदानावर, ओल्या बॉलने, आजच्या मानाने चिमुकल्या ग्लोव्हने. पावणेचार तासात बॉस्टनचे फक्त २ एरर. ब्रुकलिनचे पण २च. माझ्या मते मॅचमधले सगळ्यात थोर आकडे हेच आहेत, १-१ नाही.

दुसरं, हिट बघा. बॉस्टनला १५ आणि ब्रुकलिनला ९, तरी रन सारखेच. म्हणजे कॅडोर ओशगरपेक्षा कितीतरी जास्त वेळा अडचणीत होता. ओशगरचा दिवस त्या मानाने सरळ गेला, एक सतरावी सोडली तर. कोणाची कामगिरी जास्त अवघड यावर वाद घालता येतो, मी कॅडोरच्या बाजूने. पंधरा हिट देऊन एकच रन देणं हे नशीब पण असतं आणि डोकं थंड ठेवणं पण असतं.

तो ० फॉर ११ वाला कोण?

चार्ली पिक, बॉस्टनचा सेकंड बेसमन. वर नवव्या इनिंगमध्ये डबल प्लेमध्ये सापडला तोच. अकरा वेळा बॅटिंगला आला आणि हिट शून्य. एका मॅचमध्ये सगळ्यात जास्त वेळा कोरडा परत जाण्याचा रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर आहे. बिचाऱ्याचा मेजर लीगमधला तो शेवटचा सीझन. पण न्यायाने बोलायचं तर होल्कच्या ४२ मध्ये पिकने फेकलेले पण आहेतच, त्याची आठवण कोणी काढत नाही.

पिचरचा ईआरए वगैरे या मॅचमध्ये किती येतो?

ईआरए म्हणजे ९ इनिंगमागे पिचरने सरासरी किती रन दिले, एररमुळे झालेले सोडून. दोघांचं सारखंच: १ गुणिले ९ भागिले २६, ०.३५.

पण गंमत दुसरीकडे आहे. त्या काळात पिचरची किंमत त्याच्या विन-लॉसवरून ठरायची, किती जिंकल्या किती हरल्या. ही मॅच टाय, म्हणून कोणालाच विन नाही, कोणालाच लॉस नाही. कॅडोरचं १९२० चं रेकॉर्ड १५-१४ आणि ओशगरचं १५-१३. या दोन्ही आकड्यांमध्ये ही मॅच कुठेच नाही! कॅडोरने त्या पूर्ण सीझनमध्ये टाकलेल्या इनिंगपैकी जवळपास दहावा हिस्सा त्या एका दुपारचा आणि विन-लॉसमध्ये त्याचा पत्ताच नाही. इनिंग, हिट, ईआरए या सगळ्यात मात्र ती धरली जाते. विन-लॉस हा आकडा किती आंधळा आहे ते सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

अम्पायरने एवढ्या लांब आल्यावर थांबवली का? अजून एक-दोन इनिंग खेळू द्यायच्या ना?

दिवे नव्हते हो. मेजर लीगमध्ये पहिली नाइट मॅच १९३५ मध्ये सिनसिनाटीला झाली, त्याच्या आधी सूर्य गेला की खेळ संपला. शेवटी शेवटी बॉल दिसेनासा झाला होता आणि नीट न दिसणारा बॉल डोक्याच्या दिशेने आला तर काय होतं ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळ्यांना कळलं, त्याबद्दल खाली लिहिलंय. अम्पायर बॅरी मॅकॉर्मिकने थांबवली ते बरोबरच केलं.

ओल्सन मात्र त्याच्या मागे लागला होता की अजून एकच इनिंग होऊ दे, म्हणजे आम्हाला सांगता येईल की आम्ही २७ इनिंग, म्हणजे पुऱ्या तीन मॅच एका दिवसात खेळलो. बाकीच्यांचं अंग मोडून गेलेलं असताना याला हे सुचतंय!

२६ इनिंग फक्त ३ तास ५० मिनिटांत? टायपो आहे का?

टायपो नाही. २३० मिनिटं भागिले २६, एका इनिंगला ९ मिनिटंसुद्धा नाहीत. २०२१ मध्ये साध्या ९ इनिंगच्या मॅचला सरासरी ३ तास १० मिनिटं लागत होती, म्हणजे इनिंगला २१ मिनिटं. मग २०२३ मध्ये पिच क्लॉक (प्रत्येक पिचला वेळेची मर्यादा) आणलं तेव्हा कुठे ते २ तास ४० मिनिटांवर आलं.

कारणं सरळ आहेत. टीव्हीच्या जाहिराती नाहीत, पिचर बदलणं नाही (इथे तर शून्य वेळा), बॅटर प्रत्येक बॉलनंतर ग्लोव्ह सारखे करत बाहेर फिरायला जात नाही, आणि वर म्हटलं तसं लवकर मारतात. त्यात उजेड जायच्या आत संपवायची घाई.

रन एवढे कमी का व्हायचे तेव्हा?

बॉल. एकच बॉल बराच वेळ वापरायचे, पब्लिकमध्ये गेलेला बॉलसुद्धा परत घ्यायचे, चार-पाच इनिंगनंतर तो मातीने काळपट आणि मऊ पडलेला असायचा, पिचर वर त्याला काय काय चोपडायचे. १९२० च्या सुरुवातीला थुंकी लावण्यावर नवीन बंदी आली होती, पण ठराविक जुन्या पिचरना सूट होती. त्यात ब्रेव्हज फील्ड म्हणजे अवाढव्य मैदान, फेन्स इतक्या लांब की तिथे होम रन (आपल्या सिक्ससारखा) बघायला मिळणं मुश्कील. आणि त्या दिवशी थंडी आणि पाऊस. या मॅचमध्ये होम रन एकही नाही हे वेगळं सांगायला नको.

मग १६ ऑगस्ट १९२० ला क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) रे चॅपमन याच्या डोक्याला पिच लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर बॉल मळला की बदलायची सक्ती झाली, पांढरा बॉल नीट दिसायला लागला, आणि रन वाढले.

एक योगायोग तर असा की लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याच दिवशी, १ मे १९२० ला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बेब रूथने यांकीजकडून पहिला होम रन मारला. त्या सीझनमध्ये त्याने ५४ मारले. एका शहरात २६ इनिंगमध्ये दोन रन, दुसऱ्या शहरात बॉल छपरावरून बाहेर, आणि दिवस एकच.

टाय झालेल्या मॅचचं पुढे काय होतं? पॉइंट वाटून देतात का?

नाही. बेसबॉलमध्ये पॉइंटच नसतात, जिंकलेल्या आणि हरलेल्या मॅचवरून टक्केवारी काढतात. टाय मॅचचे वैयक्तिक आकडे सगळे धरायचे, पण टेबलमध्ये तिचा हिशोब नाही. ब्रुकलिनचं त्या वर्षीचं रेकॉर्ड ९३-६१, म्हणजे १५४ मॅच, आणि ही टाय त्याच्या वर. ते लीग जिंकले, पण वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलंडकडून ५-२ ने हरले. बॉस्टन ६२-९०, आठ टीममध्ये सातवे. म्हणजे ही मॅच टॉपच्या टीमची आणि तळाच्या टीमची होती, हे पण कोणी सांगत नाही.

क्रिकेटवाल्यांना १९३९ ची डर्बनची टाइमलेस टेस्ट आठवेल, इंग्लंडला ४२ रन हवे होते आणि बोट पकडायची होती म्हणून ड्रॉ. तिथे बोट, इथे अंधार.

मॅचनंतर ब्रुकलिनला विश्रांती तरी मिळाली का?

कसली विश्रांती! दुसऱ्या दिवशी रविवार, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये रविवारी प्रोफेशनल बेसबॉलला १९२९ पर्यंत परवानगीच नव्हती. न्यूयॉर्कमध्ये १९१९ पासून मिळाली होती. म्हणून बॉस्टनची सिरीज अर्धवट ठेवून ब्रुकलिनची टीम घरी गेली, रविवारी फिलाडेल्फियाबरोबर खेळली आणि १३ इनिंगमध्ये ४-३ ने हरली. लगेच परत बॉस्टन. सोमवारी तिथे १९ इनिंग खेळून २-१ ने हरली! शेरी स्मिथ नावाचा पिचर त्या १९ च्या १९ इनिंग टाकून हरला, त्याचं नाव कोणालाच माहीत नाही.

बेरीज करा: २६ अधिक १३ अधिक १९, तीन दिवसात ५८ इनिंग. रन एकूण ५. विजय शून्य. आणि हीच टीम पुढे लीग जिंकते.

दोघांचे खांदे कामातून गेले का?

असं सरसकट लिहितात पण आकडे तसं सांगत नाहीत. कॅडोर नंतर सांगायचा की तीन दिवस केस विंचरायला हात वर होत नव्हता, ते खरंच असणार. पण दोघंही लवकरच परत पिचिंगला आले, आणि ओशगरने तर पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, २०-१४ असा करिअरमधला बेस्ट सीझन केला. १९२२ मध्ये मात्र ६-२१. आता ती पडझड दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारमुळे झाली असं म्हणायचं तर मधल्या २० विजयांचं काय करायचं?

ओशगरला लांब मॅचची सवयच होती. या मॅचच्या साधारण एक वर्ष आधी, ३० एप्रिल १९१९ ला, फिलाडेल्फियाकडून खेळताना त्याने २० इनिंग टाकल्या होत्या, समोर परत ब्रुकलिनच, आणि ती मॅच पण टाय, ९-९. तेव्हा समोरचा पिचर बर्ली ग्राइम्स, त्यानेही पूर्ण २० टाकल्या. शेवटी १९२५ मध्ये ओशगर ब्रुकलिनकडूनच खेळला आणि तिथेच त्याचं मेजर लीग करिअर संपलं. मग तो सॅन फ्रान्सिस्कोत शाळेत पीटीचा शिक्षक झाला आणि १९८६ मध्ये ९४ व्या वर्षी गेला.

कॅडोर १९२४ पर्यंत खेळला, १९५८ मध्ये वारला. गडी विनोदी होता. केसी स्टेंगलने मैदानावर टोपी काढली आणि आतून चिमणी उडाली हा जो प्रसिद्ध किस्सा आहे, ती चिमणी कॅडोरने पकडून दिली होती असं सांगतात. दोघांचा जन्म शिकागोचा, सहा महिन्यांच्या अंतराने. आणि करिअरमध्ये ओशगरच्या ८२ विन आणि ११६ लॉस, म्हणजे हॉल ऑफ फेमच्या जवळपास सुद्धा नाही.

हा रेकॉर्ड अजून आहे का? मोडेल?

मेजर लीगमध्ये इनिंगच्या हिशोबात हीच सगळ्यात लांब मॅच, अजूनही. जवळ आलेल्या दोन, २५ इनिंगच्या: १९७४ ची कार्डिनल्स-मेट्स आणि १९८४ ची व्हाइट सॉक्स-ब्रूअर्स, ही दुसरी दोन दिवसांत मिळून ८ तास ६ मिनिटं चालली. मायनर लीग (मेजरच्या खालच्या लीग) धरून सगळ्यात लांब प्रोफेशनल मॅच म्हणजे १९८१ ची पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, ३३ इनिंग. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी ३२ इनिंगनंतर थांबवली तेव्हा स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक उरले होते, उरलेली एक इनिंग जूनमध्ये खेळले.

मोडायचं म्हणाल तर विसरा. २०२० पासून रेग्युलर सीझनमध्ये (प्लेऑफमध्ये नाही) एक्स्ट्रा इनिंगला सेकंड बेसवर फुकटचा रनर ठेवतात (२०२३ मध्ये ते कायमचं केलं), त्यामुळे मॅच दहा-बारामध्ये उरकते. मला स्वतःला तो नियम अजिबात आवडत नाही, पण रात्री दीड वाजता बॉलपेन आणि स्कोअरकार्ड घेऊन बसलेल्या माणसाला विचारून नियम करत नाहीत.

ते मैदान आणि त्या टीम आहेत का अजून?

दोन्ही टीम जोरात आहेत, नाव-गाव बदलून. मॅनेजर विल्बर्ट रॉबिन्सनच्या नावावरून पडलेले ब्रुकलिन रॉबिन्स म्हणजे पुढचे डॉजर्स, १९५८ पासून लॉस एंजेलिसला. बॉस्टन ब्रेव्हज १९५३ मध्ये मिलवॉकी आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेले. मैदानाच्या जागेवर बॉस्टन युनिव्हर्सिटीचं निकरसन फील्ड आहे, जुन्या स्टँडचा थोडा भाग तिथे टिकून आहे. बॉस्टनला कोणी शिकायला असेल तर चक्कर मारा, काही विशेष दिसणार नाही पण जागा तीच.

कुठे ऐकायला किंवा बघायला मिळेल का?

नाही. मेजर लीगची मॅच रेडिओवर पहिल्यांदा आली ती ऑगस्ट १९२१ मध्ये, पिट्सबर्गहून. आपल्याकडे आहे ते पेपरमधलं वर्णन आणि बॉक्स स्कोअर. म्हणूनच तर कॉलम वाचायला शिका म्हणतोय.

ही आवडली, अशीच अजून एखादी सांगा.

दोन सांगतो. एक, १ सप्टेंबर १९०६, फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सने बॉस्टनला २४ इनिंगमध्ये ४-१ ने हरवलं, जॅक कूम्ब्स आणि जो हॅरिस दोघांनीही पूर्ण २४ टाकल्या, यात निदान निकाल तरी लागला. दुसरी, २ मे १९१७, शिकागो. सिनसिनाटीचा फ्रेड टोनी आणि कब्जचा हिप्पो वॉन, ९ इनिंग झाल्या तरी दोघांनीही एकही हिट दिलेली नाही. दहाव्यात वॉनचं नो-हिटर तुटलं आणि विजयाचा रन आला तो जिम थॉर्पच्या जेमतेम घरंगळत गेलेल्या बॉलवर. थॉर्प म्हणजे १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकणारा तोच. टोनीने दहावी इनिंग पण हिट न देता काढली. आधी ही वाचा, छोटी आहे, एका बैठकीत बॉक्स स्कोअर समजतो.